पार्टीला बांगड्याचं मूस: तुमचे प्रश्न

गेल्या अंकात थर्टीफर्स्टच्या मेनूवर लिहिताना शेवटी मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की पनीर टिक्का आणि हराभरा कबाबचा कंटाळा आला असेल तर धुरावलेल्या माशाचं मूस नाहीतर टेरीन करून बघा, आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये टाकता येतं आणि पाहुणे आले की आपण गॅससमोर घाम पुसत उभं राहायचं नाही. एवढ्याशा दोन ओळींवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. ज्यांनी हे नावच ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, मूस म्हणजे मासा बारीक करून क्रीममध्ये हलका फेटायचा आणि टोस्टवर लावून खायचा, आणि टेरीन म्हणजे माशाचं जरा घट्ट मिश्रण ब्रेडच्या लांबट टिनमध्ये थराथराने भरून शिजवायचं, गार झालं की काप काढायचे. दोन्ही मूळचे फ्रेंच प्रकार, दोन्ही गारच वाढायचे. बरेचसे प्रश्न सारखेच होते म्हणून काही एकत्र केलेत, रागावू नका.

ताई, ऑनलाइन स्मोक्ड सॅल्मन बघितला आणि किंमत वाचून फोन बाजूला ठेवला. बारा माणसं येणारेत. आपल्याकडचा कुठला मासा चालेल? रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात, तोच घेऊ का? (कॉलेज रोड)

रावस नको. मासा उत्तम आहे पण सॅल्मनचा तो कुणीच लागत नाही, नाव पडलंय इतकंच, आणि त्या भावाचा मासा मिक्सरमधून काढायचा म्हणजे माझ्या तरी जिवावर येतं, तो तव्यावरच शोभतो. तुम्ही सरळ बांगडा घ्या. धुराला जो वास असतो ना तो माशाच्या चरबीत छान मुरतो, म्हणून तेलकट मासा धुराला कायम चांगला, आणि बांगड्याइतका तेलकट आणि स्वस्त मासा दुसरा कुठला मिळणार. इंग्लंडात स्मोक्ड मॅकरेल लिंबू-मिरी घालून टोस्टवर लावून खाणं ही अगदी साधी गोष्ट आहे, आणि मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचाच भाऊबंद. बारा जणांना स्टार्टर म्हणून मध्यम आकाराचे सहा-सात बांगडे पुरतात, काटे-कातडं काढून साधारण ४०० ग्रॅम मांस हाताला लागतं.

गंगापूर धरणाचा ताजा रोहू-कटला मिळतो तो घेऊ का असंही दोघातिघांनी विचारलंय. कालवणाला घ्या की, पण मूसला नको, त्याच्या मांसाच्या आतच वाय अक्षरासारखे दुभागलेले बारीक काटे असतात, ते वेचता वेचता थर्टीफर्स्ट उलटून जाईल.

आता एक गोष्ट जरा गंभीरपणे ऐका. नाशिकला समुद्राचा मासा मुंबईकडून कसारा घाट चढून येतो, बर्फात आला असेल तर काही प्रॉब्लेम नाही, पण बांगडा, तारली, टूना हे मासे उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि एकदा झालेलं हिस्टामिन शिजवून, तळून, धुरावून कशानेच जात नाही. मग खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, आणि आपण म्हणतो माशाची अ‍ॅलर्जी झाली. म्हणून सकाळी लवकर जा, डोळे फुगीर आणि चमकदार, कल्ले लाल, पोट घट्ट असाच बांगडा घ्या, बरोबर बर्फाचा डबा न्या आणि वाटेत भाजी घेत बसू नका. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा बहुतेक फ्रोझनच मिळणार, तो चालतो, फक्त फ्रिजमध्येच हळूहळू सुटू द्या, ओट्यावर नाही. आणि डिसेंबरात पार्टी ठरवताना मार्गशीर्षातले गुरुवार बघून घ्या बाई, नाहीतर मूस तयार आणि निम्मे पाहुणे वरण-भातावर!

आमच्याकडे स्मोकर वगैरे काही नाही, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. कोळशावर तूप टाकून धुंगार दिला तर भागेल का? (सिडको)

धुंगाराने वास येतो पण मासा शिजत नाही, हा फरक लक्षात ठेवा. आधी मासा वाफवून मग धुंगार दिला तर घाईच्या वेळी भागतं, पण तूप वापरलं की त्याला दाल फ्रायचा वास लागतो आणि मग पाहुणा विचारत बसतो की हे नेमकं काय आहे. त्यापेक्षा कढईत धुरावा, चिनी स्वयंपाकात ही पद्धत जुनी आहे आणि आपल्या घरात सगळं सामान असतंच.

बांगडा उभा चिरून दोन्ही बाजूंचे तुकडे काढून घ्या, कातडं राहू द्या. १ लिटर गार पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात तुकडे अर्धा तास बुडवा, मग लगेच एकदा पाण्याखालून काढून कोरडे पुसा आणि जाळीवर ठेवून फ्रिजमध्ये दोन तास उघडेच राहू द्या. हे वाळवणं कुणीही गाळू नका. वरचा भाग बोटाला किंचित चिकट लागायला हवा, त्या चिकटपणालाच धूर धरतो, ओला मासा धुरात ठेवला तर वर कडवट काळपट पाणी सुटतं.

मग जुनी लोखंडी कढई घ्या, नॉनस्टिक अजिबात नको, कोरडी तापली की तिचं कोटिंग जळून घातक वाफा सोडतं. तळाला फॉइलचे दोन थर, त्यावर दोन-दोन चमचे कच्चे तांदूळ आणि चहा पावडर आणि एक चमचा साखर नाहीतर गूळ. वर कुकरमधली जाळी. गॅस मोठा करा, धुराची पहिली रेघ दिसली की तुकडे कातडं खाली करून जाळीवर ठेवा, झाकण लावा, कडेने कणकेची वळी लावून फट बुजवा आणि आंच मंद करा. पंधरा मिनिटं मंद आंचेवर आणि पंधरा मिनिटं गॅस बंद करून तसंच. मांस अपारदर्शक होऊन पदर सुटायला लागले की झालं, घरात थर्मामीटर असेल तर जाड भागात ६३ अंश सेल्सिअस यायला हवं, कमी भरलं तर वाफेवर पाच मिनिटं ठेवून पूर्ण करा. झाकण मात्र गॅलरीत नेऊन उघडा आणि शेजारच्यांना आधी सांगून ठेवा. दार-खिडक्या लावून खोलीत कोळसा पेटवायचा नाही, धुंगारासाठीसुद्धा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि हो, हा धूर चवीसाठी आहे, टिकण्यासाठी नाही. धुरावला म्हणजे बाहेर ठेवला तरी चालतो असं समजू नका, गार झाला की फ्रिजमध्ये.

आमची पिंपळगावजवळ द्राक्षबाग आहे. छाटणीनंतर काड्यांचे ढीग पडतात, त्या धुराला वापरता येतील का? फ्रान्समध्ये वापरतात असं मुलगा म्हणतो. (निफाड तालुका)

मुलगा बरोबर सांगतोय, बोर्दोकडे द्राक्षाच्या वाळक्या काड्यांवर मांस भाजायची जुनी पद्धत आहे आणि वासही सुरेख येतो. पण आपल्या बागांचं तुम्हाला मी काय सांगायचं, भुरी आणि केवडा या बुरशीच्या रोगांसाठी सीझनभर किती फवारण्या होतात, बोर्डो मिश्रणातलं तांबं असतं, आंतरप्रवाही बुरशीनाशकं असतात, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटायला काड्यांवर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात ती वेगळीच. द्राक्ष तोडणीआधी फवारणी थांबवायचे दिवस ठरलेले असतात, ते फळासाठी, काडी जाळून तिच्या धुरात मासा ठेवण्यासाठी ते कुणी ठरवलेले नाहीत. म्हणून व्यापारी बागेतली काडी नको. परसात मांडवावर वेल चढवलेला असेल आणि त्यावर काहीच मारत नसाल तर त्याच्या चांगल्या वाळलेल्या काड्या जरूर वापरा. नाहीतर आंबा, पेरू, चिंच यांचं कोरडं लाकूड, बारीक तासून. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, पॅकिंगच्या खोक्याच्या फळ्या आणि चीड-देवदारासारखं राळेचं लाकूड कधीच नाही.

मूस केलं, पण ते खिरीसारखं पातळच राहिलं. क्रीम वीस मिनिटं फेटलं तरी फुललं नाही. काय चुकलं? (गंगापूर रोड)

तुम्ही खोक्यातलं साधं फ्रेश क्रीम घेतलं असणार. त्यात फॅट साधारण २५ टक्के असतं, ते ग्रेव्हीसाठी ठीक, पण वीस मिनिटं काय दिवसभर फेटलं तरी हवा धरणार नाही. फेटून फुलायला ३०-३५ टक्के तरी फॅट लागतं, म्हणजे दुकानात डेअरी व्हिपिंग क्रीम म्हणून मागा, आणि केकवाले वापरतात ते नॉन-डेअरी टॉपिंग चुकूनही आणू नका, ते आधीच गोड केलेलं असतं आणि गोड बांगडा कुणालाच नको असतो.

आणि व्हिपिंग क्रीम मिळालंच नाही तर आपला चक्का आहे ना! श्रीखंडाला बांधतो तसं दही रात्रभर टांगायचं, फक्त आंबट होऊ द्यायचं नाही, म्हणून फ्रिजमध्येच टांगा. मला विचाराल तर मी निम्मं-निम्मं करते, नुसत्या क्रीमचं मूस दोन टोस्टनंतर जड होतं, चक्का त्याला जरा जागं ठेवतो. प्रमाण असं: ४०० ग्रॅम धुरावलेलं बांगड्याचं मांस, २०० ग्रॅम चक्का, २०० मिली व्हिपिंग क्रीम, एका लिंबाचा रस, भरपूर ताजी कुटलेली मिरी, आवडत असेल तर एक चमचा मोहरीची पेस्ट. मीठ शेवटी चाखून, कारण मासा आधीच खारवलेला असतो. मांस आधी बोटांनी चाचपून काटे काढा, मिक्सरवर विश्वास ठेवू नका, तो काटे नाहीसे करत नाही, लपवतो. मासा आणि चक्का फिरवून गार करा, क्रीम वेगळं फेटा, फेटणी उचलल्यावर उठणारी क्रीमची शिखरं मऊ असतानाच थांबा आणि शेवटी हलक्या हाताने मिसळा. भांडं, क्रीम, फेटणी सगळं फ्रिजमधून काढलेलं गार हवं. लहान लहान वाट्यांमध्ये भरून चार तास फ्रिजमध्ये ठेवलं की वर दुसरं काही घालावं लागत नाही.

साच्यातून उलटं काढून मधोमध ठेवायचंय तर जिलेटिन घालायला हवं ना? आमच्याकडे मासे चालतात पण बीफ-पोर्क नाही. चायना ग्रास चालेल? (नाशिकरोड)

हे विचारलंत ते फार चांगलं केलंत. जिलेटिन बहुतेक वेळा गुराढोरांच्या किंवा डुकराच्या कातडी-हाडांपासून काढलेलं असतं, आणि मासे खाणारी पण बाकी काही न खाणारी घरं आपल्याकडे कितीतरी आहेत, तेव्हा पाकिटावर वाचा, आणि घातलं असेल तर पाहुण्यांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा.

चायना ग्रास म्हणजे अगार चालतं, पण त्याचा स्वभाव वेगळा. जिलेटिन गार पाण्यात पाच मिनिटं फुगवून नुसतं कोमट विरघळवायचं असतं, उकळायचं नसतं. अगार मात्र खळखळून दोनेक मिनिटं उकळावंच लागतं आणि ३५-४० अंशांच्या आसपास ते लगेच धरतं, म्हणजे फ्रिजमधल्या गार क्रीममध्ये ओतलंत की दोऱ्या आणि गुठळ्या. म्हणून मासा-चक्क्याचं मिश्रण आधी कोमट करा, त्यात गरम अगार भराभर मिसळा, मग फेटलेलं क्रीम. पोत जरा कडक, जेलीसारखा तुटक येतो, मला तो फारसा आवडत नाही.

माझा सल्ला, दोन्ही सोडा आणि लोणी घ्या. ४०० ग्रॅम माशाला दीडशे ग्रॅम मऊ, बिनमिठाचं लोणी आणि १०० ग्रॅम चक्का फेटून प्लास्टिक लावलेल्या भांड्यात दाबून भरा, रात्रभरात आपोआप घट्ट होतं आणि उलटं केलं की सुटून येतं. हलकं नाही होत, पण पावाच्या टोस्टवर अप्रतिम.

सासूबाई म्हणतात मासे आणि दूध एकत्र खाल्लं की कोड येतं. क्रीम घातलंय कळलं तर त्या हात लावणार नाहीत. (पंचवटी)

दूध आणि मासे एकत्र नको हे चरकसंहितेतच विरुद्ध आहारात सांगितलंय, तेव्हा सासूबाई मनचं काही सांगत नाहीयेत. पण कोडाचं म्हणाल तर ते शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती त्वचेच्या रंगपेशींवर उलटते म्हणून होतं, मासे-दुधामुळे नाही, हे त्वचेच्या कुठल्याही डॉक्टरांना विचारा. तरी वाद घालू नका हो, सणासुदीला कशाला. त्यांची वाटी वेगळी काढा: नारळाचं घट्ट दूध रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की वर जाड थर येतो, तो फेटून त्यात मासा, लिंबू, थोडी हिरवी मिरची. खरं सांगू, ही वाटी आधी संपते.

ओव्हन नाही. टेरीन कुकरमध्ये होईल? आणि एकदा केलं तेव्हा मिश्रण फुटून पाणी-तूप वेगळं झालं, असं का? (सिन्नर)

होईल, अळूवडी वाफवता तसंच, शिट्टी काढून. पण आधी फुटण्याचं बघू कारण टेरीनमध्ये सगळे तिथेच अडकतात. मला वाटतं तुम्ही सगळाच मासा धुरावलेला घेतलात. शिजलेल्या माशाचे प्रोटीन आधीच आवळून बसलेले असतात, ते आता क्रीमला धरून ठेवू शकत नाहीत. टेरीनचा पाया कच्च्या माशाचा लागतो. कच्च्या माशात मीठ घालून फिरवलं की प्रोटीन सुटून चिकट होतात, तेच पाणी आणि फॅट पकडून ठेवतात आणि शिजताना जाळं धरतात. धुरावलेला मासा मधल्या थरात, चवीला.

१ लिटरच्या टिनला: काटे-कातडं काढलेला कच्चा सुरमई किंवा घोळ ५०० ग्रॅम (बासा नको, फार पाणी सोडतो), दीड चमचा मीठ, दोन अंड्यांचा पांढरा भाग, ३०० मिली व्हिपिंग क्रीम, पांढरी मिरी. माशाचे तुकडे अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून मग मीठ घालून फिरवा, अंड्याचं पांढरं घाला, मग क्रीम बारीक धारेने. मिक्सरचं भांडं तापतं हा आपल्या मिक्सरचा मोठा दुर्गुण, म्हणून थांबत थांबत फिरवा, मध्ये भांडं फ्रीजरमध्ये ठेवा. मिश्रण हाताला कोमट लागलं म्हणजे आता फुटणार असं समजा. सगळं टिनमध्ये भरण्याआधी एक चमचाभर मिश्रण पाण्यात शिजवून चाखा, मीठ कळतं.

टिनला आतून तेल लावून प्लास्टिक रॅप (शिजवण्यासाठी चालतो असं लिहिलेला) नाहीतर बटर पेपर लावा, निम्मं मिश्रण, त्यावर उकळत्या पाण्यातून काढून पिळलेली पालकाची पानं, मग बांगड्याचे २०० ग्रॅम तुकडे, पुन्हा पालक, पुन्हा मिश्रण. टिन आपटून हवा काढा, वर फॉइल घट्ट. मोठ्या पातेल्यात स्टँडवर ठेवून मंद वाफेवर ४०-४५ मिनिटं, मधोमध सुरी खुपसून पाच सेकंद ठेवा, ओठाला चांगली गरम लागली की झालं, अंशांत म्हणाल तर ७०. पाणी धो-धो उकळू देऊ नका, टेरीनला भोकं पडतात. गार झालं की वर बसेल असा पुठ्ठा आणि दोन डबे ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये दाबा. काप काढताना सुरी दर वेळी गरम पाण्यात बुडवून पुसायची.

वहिनीच्या डोहाळजेवणानंतर दुसऱ्या दिवशी घरच्यांची छोटी पार्टी आहे. तिला हे चालेल? आणि किती आधी करून ठेवू? (इंदिरानगर)

पाकिटातला गुलाबी, मऊ स्मोक्ड सॅल्मन तिला नको. तो कोल्ड स्मोक्ड असतो, म्हणजे ३० अंशांखाली धुरावलेला, शिजलेला नसतोच, आणि लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो, गरोदरपणात तो बाळाला फार घातक. ज्येष्ठ मंडळींनाही हीच काळजी. घरी पूर्ण शिजवून धुरावलेल्या बांगड्याचं, कच्चं अंडं नसलेलं, त्याच दिवशी केलेलं मूस चालायला हरकत नसावी, तरी तिच्या डॉक्टरांना एकदा विचारा. बाकीच्यांसाठी मूस आदल्या दिवशी, टेरीन दोन दिवस आधी केलं तरी चालतं, तिसऱ्या दिवशी संपवा. टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त नाही, एप्रिल-मेमध्ये एकच तास, वाट्या बर्फाच्या ताटात ठेवा. आणि व्हॅक्युम पाकीट फ्रीजरमधून फ्रिजमध्ये सोडताना कोपरा कापून ठेवा, हवाबंद पाकिटात नको ते जंतू माजतात.

बरोबर काय वाढायचं? वाइन कुठली? आणि उरलं तर? (देवळाली कॅम्प)

लादीपाव पातळ कापून मंद तव्यावर कडक करा, नाहीतर ज्वारीची भाकरी शिळी करून तिचे त्रिकोण ओव्हनमध्ये नाहीतर तव्यावर कुरकुरीत, धुराला भाकरी मैद्यापेक्षा जास्त जुळते. बरोबर आंबट हवंच: काकडी, कच्च्या कांद्याच्या चकत्या व्हिनेगरमध्ये, किंवा हिरवी द्राक्षं अर्धी चिरून मीठ-व्हिनेगर-मिरीत दोन तास ठेवलेली, हे नाशिककरांनी नाही करायचं तर कुणी. केपर्स (परदेशी खारवलेल्या कळ्या) शोधत फिरू नका, मिठाच्या पाण्यातली हिरवी मिरी घ्या. वाइन आपल्याच नाशिकची, कोरडी शेनिन ब्लां नाहीतर सोव्हिन्यो ब्लां, चांगली गार. रेड नको, माशाच्या तेलाबरोबर तोंडात लोखंडी चव येते. न पिणाऱ्यांना कमी साखरेचं कोकम सरबत, जिऱ्याचं.

उरलेलं मूस फ्रीज करू नका, सुटल्यावर पाणी पाणी होतं, दुसऱ्या दिवशी सँडविचला लावून टाका. टेरीन उरलं तर जाड काप काढा, तिखट-मीठ लावलेल्या रव्यात घोळवा आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करा, पहिल्या दिवशी ज्यांनी नाक मुरडलं होतं ते लोक हे मागून खातात.